बाग पाहायला आलो होतो

त्र्यंबक गेल्याची बातमी मला चिखलीला, शाळेच्या फाटकापाशी कळली. मेहकरहून येणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरने गाडी थांबवली, डोक्याचं फडकं काढलं आणि म्हणाला, "मास्तर, तुमचे दोस्त गेले. ताप डोक्यात गेला म्हन्तात." मिळेल त्या गाडीने मेहकर गाठलं, तोवर सगळं आटोपलं होतं. ओट्यावर माणसं बसली होती, भिंतीला टेकून त्याची सायकल उभी होती, आणि येणारा-जाणारा तिच्याकडे पाहून चुकचुकत होता. मला त्या चुकचुकण्याचा राग आला. आत गेलो तर वहिनी, म्हणजे त्याची बायको यमुना, मला पाहून रडल्या नाहीत. बायकांच्या घोळक्यातून त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "भाऊजी, एकच सांगा. त्या दिवशी देऊळघाटले तुम्ही दोघं मले पाहाले आल्ते का नाई? आता तुमच्याबिगर हे कोनाले माहीत नाई." मी गडबडलो. "वहिनी, हे बोलाची येळ नाई. मासिकाले येतो, तवा बोलू," असं म्हणून बाहेर पडलो. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. फळ्यावर गणित लिहिता लिहिता मी खडू ठेवून खिडकीशी जाऊन उभा राहायचो. खरं सांगावं तर विधवेच्या पदरातलं उरलंसुरलं काढून घ्यायचं, आणि खोटं सांगावं तर… मला खोटं धड बोलता येत नाही, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक.

त्र्यंबकला ज्यांनी फक्त वकिलाच्या कचेरीत पाहिलं, त्यांना तो कळलाच नाही. तिथे तो कारकून. दिवसभर मांडी घालून लोकांच्या बांधांची भांडणं सुवाच्य अक्षरात लिहायचा आणि लिहिताना गुडघा सारखा हलवत राहायचा. सुट्टी जवळ आली की जुनी विलायती सायकल घेऊन माझ्या दारात उभा. "मास्तर, बसल्या मानसाले गंज चढते. चाल बे!" मी तेव्हा मेहकरच्या शाळेत होतो आणि स्वभावाने घरकोंबडा, माझी बायको मला 'त्र्यंबकरावांचं मागचं चाक' म्हणायची. मुरमाच्या सडकेवर दिवसात एखाददुसरी मोटार धुरळा उडवत जायची, तर तेवढीही त्याला सोसायची नाही. पैनगंगेच्या काठाने बैलगाड्यांच्या चाकोऱ्या धरून जायचं, पात्र आडवं आलं की सायकल खांद्यावर घेऊन गुडघाभर पाण्यातून उतरायचं, आणि पलीकडे बाभळीचे काटे आमची वाट पाहत असायचेच. पंक्चर काढता काढता त्याचं बोलणं पुढच्या नदीवर गेलेलं असे. गावात शिरलं की पारावरचा प्रश्न ठरलेला, "कायच्या कामानं आले?" त्र्यंबक खरं ते सांगायचा, "काई काम नाई. पाहाले आलो." हे कोणाच्याच पचनी पडत नसे. नागपूरच्या सरकारचा अंमल होता. सायकलवर येणारा अनोळखी माणूस एक तर तहसिलीचा, नाही तर सोयरिकीचा. बिनकामाचा माणूस उन्हातान्हात कशाला पाय मारील?

एका फाल्गुनात त्याच्या कानावर आलं की देऊळघाटच्या एका पाटलांनी द्राक्षांची बाग धरली आहे. आमचा मुलूख कापसाचा आणि ज्वारीचा. द्राक्षं म्हणजे आजारी माणसासाठी बाहेरून पेटीतून येणारी चीज. पाटलांनी दौलताबादेकडून काड्या आणून पांगाऱ्याच्या झाडांवर वेल चढवले होते. होळीची सुट्टी जोडून आली होती, तेव्हा आम्ही निघालो, चिखलीला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत देऊळघाट गाठलं. पाटील मोटेवर होते. त्यांनी आमच्याकडे, सायकलींकडे, धुळीने माखलेल्या टोप्यांकडे नीट पाहून विचारलं, "कोनतं गाव?" मेहकर म्हटल्यावर त्यांचा चेहराच बदलला. "अन् कसं येनं केलं?" त्र्यंबक म्हणाला, "सहज. तुमची बाग पाहाले आलो." झालं! मुलगी पाहायला येणारा माणूस कधी तसं म्हणतो का? सहज आलो, बैल पाहायला आलो, विहिरीला पाणी कसं लागलं ते पाहायला आलो, असंच म्हणायची आपल्याकडे रीत. त्यात पाटलांनी मेहकरच्या एका सोयऱ्याकडे स्थळासाठी शब्द टाकून ठेवलेला, हे आम्हाला मागाहून कळलं. त्यांनी बैल सोडले. आम्ही घोसच्या घोस फस्त करत होतो आणि ते मामाचं कूळ, कचेरीतली नोकरी, घरची जमीन असं एकेक विचारत होते. माझं लग्न झालेलं आहे, हेही त्यांनी काढून घेतलं. मी मनात म्हटलं, काय अगत्याचा माणूस आहे!

जेवायच्या आधी त्यांनी घरी नेऊन बसवलं. शेजारच्या भिंतीवरून बायकांची डोकी वर आली. मग डोक्यावरून पदर घेतलेली एक उंच मुलगी पोह्यांच्या ताटल्या घेऊन बाहेर आली, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी त्र्यंबकला कोपर मारलं. आता तरी उठून खरं सांगून टाक, असं डोळ्यांनी विनवत होतो. पण भिंतीवर कुजबूज चालली होती, "हे तिसरे आले." आधीच्या दोघांनी तिला पाहून नकार कळवला होता. आम्हीही पोहे खाऊन उठलो असतो, तर गावाने त्याचा काय अर्थ लावला असता, ते सांगायला नको. पाटील म्हणाले, "इचारा काही इचाराचं तं." त्र्यंबक तिच्या हातांकडे पाहत होता. हात खरचटलेले होते. "बागेची छाटनी कोन करते?" त्याने विचारलं. "मी," ती म्हणाली. "मंग एका काडीवर डोळे किती राखता?" छाटताना फुटीसाठी जे कोंब ठेवतात, त्यांना डोळे म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. मुलगी खाली मान घालूनच बोलली, पण आवाज स्वच्छ होता. "काडीची ताकद पाहून. सगळ्यायले एक माप लावलं तं वेल मरते." त्र्यंबकने हातातली ताटली खाली ठेवली आणि घरी आई असताना, कोणा वडीलधाऱ्याला न विचारता, तिथल्या तिथे म्हणाला, "आमच्याकडून होकार." परतीच्या वाटेवर मी नुसता पेटलो होतो. "काऊन हो म्हटलं बे? भिडंपायी?" तो पुढे पुढे सायकल मारत राहिला.

लग्न झालं. आईने धरलेला अबोला सून घरात आल्यावर यथावकाश सुटला. त्र्यंबकने मात्र एक खोटं धरलं, ते मरेपर्यंत सोडलं नाही. "मी हिलेच पाहाले गेल्तो, मेहकराहून सायकल मारत!" पंगतीत, बारशाला, पाहुण्यांत, कुठेही सांगायचा. दर खेपेला त्या दिवशीचं ऊन जास्त कडक आणि नदी जास्त खोल होत जाई. वहिनी तोंडाला पदर लावून हसायच्या. मी साक्षीदार, मुकाट मान डोलवायचो. पण माझ्या मनात सल होता. भिडेपायी माझ्या दोस्ताने स्वतःला खुंट्याला बांधून घेतलं, असं मला वाटायचं. एकदा दुसरबीडजवळ खडकपूर्णा ओलांडून आम्ही थेट निजामाच्या हद्दीपर्यंत गेलो. पलीकडे जालना, त्याच्याही पलीकडे गोदावरी. ती पाहायचा ध्यास त्याने किती वर्षं घेतला होता! नाक्यापाशी एक पाय टेकून तो पुढच्या रस्त्याकडे बराच वेळ पाहत राहिला आणि मग हँडल वळवलं. "चाल बे, यमुना वाट पाहून राह्यली असन." मी मेहकरपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. गोदावरी राहिली ती राहिलीच.

परवा त्र्यंबकचं मासिक श्राद्ध झालं. मी सायकलनेच गेलो, वाटेत उत्तरं जुळवत आणि मोडत. माणसं पांगल्यावर वहिनी ओट्याच्या दाराशी येऊन बसल्या. नुसत्या माझ्याकडे पाहत राहिल्या. जुळवलेलं सगळं माझ्या तोंडातच विरलं.

"नाई वहिनी," मी म्हणालो. "आम्ही द्राक्षं खाले आल्तो. तुम्ही त्या घरात हायेत, हे बी आम्हाले ठाऊक नव्हतं."

मला वाटलं, मोडलं मी. आता इथून कसं उठायचं?

"म्हनजे त्यायच्या मनात लगीनच नव्हतं?"

"नाई."

"कोनतीच पोरगी पाहाची नव्हती?"

"कोनतीच नाई, वहिनी."

"पाहाले येनारा मानूस तं घरूनच ठरवून येते, भाऊजी. ही नाई तं पुढच्या गावची. मले सारा जलम वाटे, त्या दिवशी माझ्या जागी दुसरी कोनी असती, तं तिलेबी ते हो म्हटले असते…" त्यांचा आवाज फुटला. "मंग ते मलेच पाहून हो म्हटले न!"

भीड, भीड, असं माझ्या मनात आलं. ओठांपर्यंत आलं. आणि तेव्हा उमगलं की हा शब्द माझा होता. त्र्यंबकने तो एकदाही उच्चारला नव्हता. इतकी वर्षं मीच तो त्याच्या नावावर चालवत होतो. त्र्यंबक गेल्यापासून मला रडू आलं नव्हतं. ते तिथे, वहिनींच्या समोर आलं.

एका जागी फार वेळ बसणं आताशा मलाही जमत नाही. डोळे पुसून मी टोपी घातली, पायऱ्या उतरलो, सायकलीला हात घातला, तेवढ्यात मागून हाक आली.

"भाऊजी, अन् मी पोहे घेऊन बाहेर आली, तवा त्यायचं तोंड कसं झालतं? मी तं खालीच पाहून राह्यल्ती."

मी टोपी काढली, परत ओट्यावर बसलो आणि सांगायला लागलो.