साहेबांच्या चहाचा प्लग

नंदुरबारच्या माजी सैनिकांच्या दवाखान्यात मी नर्स म्हणून लागले ती अकरा महिन्यांच्या करारावर. करार संपला की पुन्हा अर्ज. त्याआधी खासगी दवाखान्यांत काम केलं होतं, तिथे आरडाओरडा फार. इथे उलट. सकाळी प्रमुख साहेब, म्हणजे निवृत्त कर्नल, आले की सगळे दारात उभे राहतात. साहेब विचारतात, "रिपोर्ट?" उत्तर येतं, "सब ठीक है, साहब." नळाला पाणी नसलं तरी सब ठीक. डॉक्टर आले नसले तरी सब ठीक.

गेल्या उन्हाळ्यात डोंगरातल्या काठी गावाकडचे एक म्हातारे हवालदार पायाची जखम घेऊन यायचे. साखर उतरत नव्हती. डॉक्टर दर खेपेला त्यांनाच झापायचे, गोड खात असाल, मोहाची पीत असाल. हवालदार हात पँटच्या शिवणीला लावून ताठ उभे. "जी साहब" एवढंच म्हणायचे. आपण दारू केव्हाच सोडली हे त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. बाहेर बाकावर बायको त्यांची खरडपट्टी काढायची. डॉक्टर म्हणतात म्हणजे चोरून पितच असणार. आमच्याकडून नेलेली इन्सुलिनची बाटली थंड राहावी म्हणून घरी तिने मडक्यात घालून मडकं ओल्या वाळूत ठेवलं होतं. सुई वेळेवर टोचली जात होती. तरी अंगठा काळा पडायला लागला आणि डॉक्टरांनी सांगून टाकलं, असंच चाललं तर पाऊल कापावं लागेल.

मला चैन पडेना. एका दुपारी औषधांच्या खोलीतला इन्सुलिनचा फ्रीज उघडला तर आतला दिवा लागला नाही. मागे वाकून बघितलं. प्लग काढून ठेवलेला आणि त्याच्या जागी चहाची विजेची किटली लावलेली.

शिपाई स्वतः माजी सैनिक, नंदुरबारचाच. त्याला विचारलं तर शांतपणे म्हणाला, "साहेबस्ना चहा शे, मॅडम. खोलीमा एकच पॉइंट शे." नंतर परत लावतोस ना? "ध्यानमा ऱ्हायनं तं लावस."

वर पत्रा, आणि मे महिना. औषधं देणाऱ्याला हे माहीत होतं, झाडूवालीला माहीत होतं. साहेबांच्या चहाबद्दल साहेबांना सांगायचं कोणी, एवढाच प्रश्न होता आणि तो सगळ्यांनी सोडून दिला होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी रिपोर्ट विचारला. सगळे म्हणाले सब ठीक. मी म्हणाले, ठीक नाही, इन्सुलिन खराब झालंय. साहेब म्हणाले, फ्रीज जुना झाला असेल, नव्याचा प्रस्ताव वर पाठवू.

"फ्रीज चांगला आहे, साहेब. तुमच्या चहासाठी त्याचा प्लग काढतात."

साहेबांनी एकेकाला विचारलं. एकालाही काही माहीत नव्हतं. शिपाई समोरच्या भिंतीकडे बघत उभा राहिला. नंतर मला केबिनमध्ये बोलावणं आलं. आवाज चढला नाही. सगळा साठा काढून टाकू, नवा मागवू, किटलीला वेगळा पॉइंट करू, असं साहेब म्हणाले. पेशंटना मात्र काही सांगायचं नाही, गैरसमज पसरतात. आणि मी आधी एकटीने येऊन बोलायला हवं होतं. मी दारापर्यंत गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "तुमचा करार कधी संपतो?"

तारीख सांगितली आणि बाहेर आले. त्यानंतर हवालदार येईपर्यंत माझं कामात लक्ष नव्हतं. घरी कुकरच्या शिट्ट्या मोजताना चुकायचे.

ते आले तेव्हा ड्रेसिंगच्या खोलीत दोघांना बसवलं. हिंदी-मराठी मिसळून सावकाश सांगितलं. औषध आमच्याकडे खराब झालं होतं, यात तुमची काही चूक नाही. हवालदारांनी आधी दाराकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "साहब का नाम मत लेना, मॅडम."

बायकोला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तिने नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला विचारलं, "मग याला दिलेल्या शिव्या आता कोणाला देऊ?"

मी केबिनचं दार दाखवलं.

आत ती आपल्या पावरी बोलीत बोलली. साहेबांना त्यातला एक शब्द कळत नसावा, पण दुभाषा कोणी मागितला नाही. थोड्या वेळाने साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. त्याच दिवशी दवाखान्याची गाडी हवालदारांना घेऊन धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात गेली. अंगठा गेला. पाऊल वाचलं.

माझा नव्या कराराचा अर्ज अजून साहेबांच्या टेबलावर आहे. शिपाई माझ्याशी बोलत नाही. हवालदारांची बायको आता औषध घ्यायला स्वतः खिडकीशी उभी राहते. बाटली हातात आली की आधी गालाला लावते. थंड लागली तरच पिशवीत टाकते, नाहीतर परत खिडकीत ठेवते आणि हलत नाही. औषधं देणारा वैतागून म्हणाला, "आजी, ही काय कुल्फी आहे का?" तिच्या मागे उभ्या असलेल्या निवृत्त सुभेदारांनी आपली बाटली घेतली, इकडेतिकडे बघितलं आणि गालाला लावली.