आठव्या गाण्याची नोटीस

माझी बहुतेक भांडणे मी टपालाने केली. नळाला गढूळ पाणी आले, बस थांब्यावर थांबली नाही, गल्लीत कर्णा वाजला, की माझा अर्ज गेलाच. प्रत्येक कार्यालयाला मी एकच तत्त्व सुनावत आलो: दुसऱ्या पक्षाचे पूर्ण ऐकल्याखेरीज निर्णय देऊ नये. ते तत्त्व मी स्वतः कसे मोडले, हे लिहिणे आता टाळता येत नाही.

आमच्या समोरच्या घरातला मुलगा, आता पस्तिशीचा, गिटार वाजवतो. ब्लूज आणि सदर्न रॉक, असे तो त्या संगीताला म्हणतो. बोटात काचेची नळी घालून तो तारेवरून सूर घसरत नेतो. बरीच वर्षे लग्नांत दुसऱ्यांची गाणी वाजवल्यावर त्याने कागलचा एक ड्रमर आणि इथलेच दोघे जमवून बँड केला. गेल्या वर्षी त्यांचा पहिला अल्बम तयार झाला. प्रसिद्ध होण्याच्या आठ दिवस आधी त्याने तो मला मोबाइलवर पाठवला. सोबत निरोप होता : "काका, आठवं गाणं तेवढं शेवटपर्यंत ऐका की."

मी थेट आठवे लावले आणि अर्ध्या मिनिटात संतापलो. गिटारवर माझ्या पत्नीची चाल वाजत होती. तिचे माहेर आजऱ्याचे; तांदूळ निवडताना ती आपल्या आईकडून आलेली ही चाल गुणगुणायची. तिला जाऊन सहा महिनेही झाले नव्हते. मी गाणे तिथेच तोडले आणि 'मयत पत्नीचा कायदेशीर वारस या नात्याने' नोटीस लिहिली. कलम चार : सदर गाणे अल्बममधून वगळावे, ध्वनिमुद्रणाची एकही प्रत ठेवू नये व तसे लेखी कळवावे. समोरच्याच घरी, रजिस्टर्ड पोस्टाने, पोचपावतीसह.

पाचव्या दिवशी उत्तर आले : कलम चारची पूर्तता केली आहे. अल्बम सात गाण्यांचा निघाला. ते उत्तर मी समाधानाने फायलीत लावले.

पुढच्या आठवड्यात त्याची आई दारात उभी राहिली.

"भाऊजी, जिंकलासा न्हवं? त्या गाण्यात शेवटी वहिनी स्वतः गात हुत्या. आमच्या सैपाकघरात बसून रेकॉर्ड केलतं त्यांनी."

"मला कुणी सांगितले नाही."

"कसं सांगणार? त्याच म्हणायच्या, त्यांना सांगू नका, ह्याचाबी अर्ज करतील."

मी गल्ली ओलांडली. तो गिटारच्या तारा बदलत होता. एखादी प्रत कुठे उरली असेल का, असे मी विचारले.

"न्हाय काका. ड्रमर म्हणत हुता, ठेव लपवून, म्हाताऱ्याला काय कळतंय. पण काकूंच्या घरात खोटं लिहून द्यायचं म्हणजे..." त्याने नवी तार खुंटीला गुंडाळली. मग म्हणाला, "शेवटपर्यंत ऐकलं न्हाईसा तुम्ही."

"नाही."

त्याहून लाजिरवाणी गोष्ट मी त्याला सांगू शकलो नाही. ती चाल मी ओळखली, कारण तीच मी थांबवत आलो होतो. पहिली ओळ संपली की मी आतल्या खोलीतून ओरडायचो, "जरा शांतता!" मला अर्ज लिहायचे असत. चाळीस वर्षांत त्या चालीची दुसरी ओळ माझ्या कानावर पडली नव्हती.

"नुसती चाल तरी वाजवू का?" त्याने विचारले. "तेवढं लिहून द्या."

मी तिथेच कागद मागितला. सवयीने 'वारस या नात्याने' लिहिले गेले. ते शब्द खोडून समासात सही केली आणि खाली लिहिले : 'सदर चाल मी कधीही पूर्ण ऐकलेली नाही. ती वाजवण्यास माझी हरकत नाही. हरकत घेण्याचा मला अधिकारही नव्हता.'

त्याने वाचले, घडी घालून गिटारच्या पेटीत ठेवले. "बसा," म्हणाला.

काचेची नळी तारेवरून घसरत गेली. पहिली ओळ संपली. माझे तोंड उघडले होते. ते मी मिटले.