खाडीकाठची फेरी

मी रोह्याजवळ वरसेला राहते, एका कंपनीच्या दवाखान्यात नोकरी करते. शिफ्ट, पगार, सगळं बरं चाललंय. पण पेणच्या खाडीकडची ती फेरी आठवली की जीव कासावीस होतो, काय करू!

विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विभागात शिकत होते तेव्हाची गोष्ट. दर तीन महिन्यांनी आम्ही मिठागरवाल्यांच्या एका गावात जायचो. त्याच घरांत, त्याच माणसांचं प्रेशर मोजायचं, पोटात मीठ किती जातं ते लिहायचं. पहिल्याच फेरीत आम्ही माती खाल्ली. फॉर्मवर प्रश्न होता, महिन्याला मीठ किती विकत आणता? जो तो म्हणे, नाय आणत. आम्ही शहाण्यांनी अख्ख्या गावाचं मीठ शून्य लिहून आणलं! आमच्या प्राध्यापक बाईंनी कपाळाला हात लावला. मिठागरातली माणसं मीठ विकत कशाला आणतील? दुसऱ्या दिवशी मुकाट्याने परत गेलो आणि घरोघरी मिठाच्या बरण्यांचं वजन करत बसलो.

तिथल्या एका मावशीचं प्रेशर फार चढलेलं असायचं. गोळ्या आरोग्य केंद्रातून फुकट मिळायच्या, पण घ्यायची ती आमच्या धाकाने. दंडाला पट्टा बांधला की विचारायची, आज पास का नापास गो? पास म्हटलं की सुक्या जवळ्याची पुडी माझ्या पिशवीत कोंबायची. तिचा तो खरखरीत दंड अजून हाताला जाणवतो.

मग विद्यापीठाने विभागाचा निधी कापला. फिरतीचा खर्च बंद, नव्या जागा बंद. बाई अर्ज घेऊन दारोदार फिरल्या, आम्ही फायली घेऊन त्यांच्या मागे. एका बैठकीत एक साहेब म्हणाले, तीच तीच माणसं मोजून नवीन काय मिळतं? माझं डोकंच फिरलं. उठून म्हटलं, ती माणसं जिवंत राहतात, ते मिळतं. कोण ऐकतंय? विभाग दुसऱ्या विभागात ढकलला, बाई निवृत्त झाल्या, मी नोकरी धरली.

गेल्या थंडीत कामानिमित्त पेणला गेले आणि राहवेना म्हणून खाडीकडे वळले. मावशी ओट्यावर बसली होती. उजवा हात मांडीवर नुसता पडलेला, तोंड वाकडं झालेलं. झटका येऊन वर्ष झालं, सून म्हणाली. मी गोळ्यांचं विचारलं. मावशी अडखळत, एकेक शब्द जुळवत बोलली.

"तुमी यायचे बंद झाले. मना वाटला, मी बरी झाले."

आमच्या फेऱ्या बंद झाल्याचं गावात सांगायला कोणी गेलंच नव्हतं. पैसे त्यांनी कापले, खरं आहे. पण पेणची एसटी पकडून, गोळ्या सोडू नकोस, एवढं सांगून यायला मला कोणी अडवलं होतं?