खलनायकाचा टोप

चौथं रीळ मशीनवर फिरत होतं, पाचव्याचा पत्ता नव्हता, आणि खाली हॉल फुल्ल. मॅनेजर प्रधान माझ्या केबिनच्या दारात उभे राहून घाम पुसत होते.

मी ठाण्याच्या एका थिएटरात ऑपरेटर होतो, म्हणजे सिनेमा दाखवणारा. सिनेमा पाच-सहा रिळांत यायचा. एका मशीनवरचं संपता संपता दुसऱ्या मशीनवर पुढचं सुरू करायचं. या इंग्रजी हेरपटाची प्रिंट एक आणि थिएटरं दोन. कल्याणचा शो आधी लागायचा. तिथे दाखवून झालेली रिळं बाळा नाखवा मोटरसायकलवरून आमच्याकडे आणायचा.

"वाघमारे, पडदा काळा झाला तर सीटा फाडतील हो."

मागे एकदा फाडल्याच होत्या. नवं रेक्झिन लावताना मालकांनी बजावलं होतं, पुन्हा ब्लेड लागलं तर तुमची नोकरी गेली. प्रधानांनी तर कळव्याला नुकती खोली घेतलेली.

कोपऱ्यात याच मालिकेच्या आधीच्या भागाचे डबे पडले होते. नवा भाग लागण्याआधी आठवडाभर जुना चालवायची आमची पद्धत. डबे परत जायचे होते.

"साहेब, पाचवं रीळ आहे. मागच्या भागाचं."

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"हिरो तोच. पाचव्या रिळात त्याला खुर्चीला बांधतात. खलनायक गोळी घालायची सोडून स्वतःचा बेत समजावत बसतो. मग हिरोच्या घड्याळातून करवत निघते, अड्डा उडतो, खलनायक पळतो. दर भागात हेच."

"आणि खलनायक?"

"आत्ताचा टकला आहे. तेव्हाचा केसाळ."

प्रधानांनी डोळे मिटले. "लावा."

लावलं. माझ्या झरोक्याखालीच बाल्कनीची शेवटची रांग. तिथे एक गृहस्थ बायकोला इंग्रजी समजावत होते.

"अहो, याला केस कुठून आले?"

"टोप आहे. वेषांतर."

"पण हा जगाचा पाऊस बंद करणार होता ना? आता समुद्र उकळवणार म्हणतो."

"अगं, समुद्रच आटवल्याशिवाय पाऊस बंद कसा होईल?"

"हां, तेही खरंच."

अड्डा उडाला. शिट्ट्या पडल्या. तेवढ्यात बाळा दोन डबे घेऊन धापा टाकत वर आला.

"खाडीच्या पुलाव ट्रक आरवा परलाय, रस्ता बंद. मी काय या हिरोसारखा उरून येव?"

सहावं रीळ खऱ्या भागाचं लावलं. खलनायक पुन्हा टकला.

"टोप जळला वाटतं," खालून बाईच म्हणाल्या.

सीटा शाबूत. प्रधानांनी मला स्वतःच्या हाताने चहा आणून दिला.

दुसऱ्या दिवशी सगळी रिळं वेळेवर आली. तेच गृहस्थ आज मेव्हण्याला घेऊन आले होते. शो सुटल्यावर ते तडक प्रधानांच्या ऑफिसात घुसले.

"समुद्राचा सीन कापलात तुम्ही. काल निदान काही संगती होती, आज नुसता मूर्खपणा."

प्रधानांनी हात जोडून माफी मागितली. त्या सिनेमाबद्दल आलेली ती एकमेव तक्रार.

पुढे मी बरीच वर्षं मशीन चालवली. प्रेक्षक मूर्खपणा चालवून घेतात, वर त्याचा अर्थही स्वतःच लावतात. काळोख मात्र चालवून घेत नाहीत.