दोन मिनिटांचं गाऱ्हाणं

आमच्या आणि पुंडलिकदादांच्या घरांच्या मध्ये कुंपण नाही. मध्ये एक फणस आहे आणि फणसाला बांधलेल्या दोरीवर दोन्ही घरांची धुणी वाळतात. अशा जागी राहिलं की किस्से शोधत कुठे जावं लागत नाही, कपडे काढायला गेलं तरी दोन-चार हाताला लागतात. आमचे हे म्हणतात, "तू कपडे सुकायच्या आधीच काढूक जातंस." जाते. पुंडलिकदादांची लेक अस्मिता परदेशातल्या नोकरीसाठी इंग्रजीची परीक्षा देत होती, त्या वर्षी तर दिवसातून तीनदा गेले असेन.

*

सुरुवातीला मला कोणी काही सांगितलंच नव्हतं. एका सकाळी सायकलवरच्या पोदेराकडून पाव घेत होते, तर शेजारच्या स्वयंपाकघरातून एका बाईचा आवाज आला. फाडफाड इंग्रजी. दुसऱ्या दिवशी तीच बाई. तिसऱ्या दिवशीही तीच. म्हटलं, थेट विलायतेहून पाहुणी आलीय आणि दादांच्या सरस्वतीवहिनीने मला एका शब्दाने सांगितलं नाही. राग गिळला, नीरफणसाची कापं तळली आणि ताटली घेऊन गेले.

आत अस्मिता एकटीच. पुढ्यात वही, पेन्सिल आणि रिकामा तांब्या. बाई तांब्यातून बोलत होती. मोबाइल तांब्यात उभा ठेवला की आवाज मोठा होतो, म्हणे.

"पाहुणी खंय?" मी विचारलं.

सरस्वतीवहिनी चुलीकडूनच म्हणाली, "ती तांब्यातली? महिनो झालो आमच्याकडे रवता. एक दिस नारळ खवून देऊक नाय."

कापं आम्ही तिघींनीच खाल्ली.

*

अस्मिता नर्स. म्हापशाच्या एका हॉस्पिटलात आठ वर्षं नोकरी. आयर्लंडमधल्या एका हॉस्पिटलाचं पत्र तिला आलं होतं, जागा ठेवली आहे, या. फक्त इंग्रजीच्या परीक्षेत ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं या चारहीत सात पाहिजेत. पहिल्या खेपेला तिने बाकी तिन्हीत सात ओलांडले आणि बोलण्यात सहावर अडकली. ठेवलेली जागा गणेशचतुर्थीपर्यंतच राहणार होती. त्याआधी परीक्षेची एकच खेप मिळत होती. ती गेली की जागा दुसरीला.

गंमत अशी की इंग्रजी तिला येत होतं. ती बोलत नव्हती. क्लासच्या मॅडमनी विचारलं, "तुझ्या गावाबद्दल सांग." ही म्हणाली, "इट इज गुड." मॅडम म्हणाल्या, "आणखी?" ही म्हणाली, "व्हेरी गुड." मॅडमनी विषय बदलला, "बरं, वडिलांबद्दल सांग." ही म्हणाली, "ही इज फाइन."

मॅडम म्हणाल्या, "अगं, मी त्यांची तब्येत नाही विचारली."

यात तिचा दोष नाही. वॉर्डात ड्यूटी बदलताना एका नर्सने दुसरीच्या ताब्यात पेशंट द्यायचे असतात. पेशंट तीस आणि वेळ दहा मिनिटं. ताप नाही, बीपी बरं, जेवला, पुढचा. आठ वर्षं असं बोलल्यावर माणसाला तेच वळण पडतं. एकदा मी तिला फणसाखाली गाठून विचारलं, "काय गो, माजगावचो मुलगो बघून गेलो म्हणतत, कसो होतो?"

"स्टेबल," ती म्हणाली आणि टॉवेल घेऊन आत गेली.

*

क्लासला तिच्याबरोबर आमच्या वाड्यावरचा मनोज जायचा. तुये गावच्या फॅक्टरीत मशीनवर होता, त्याला कॅनडाला जायचं होतं. त्याचं सगळं उलट. त्याला गप्प बसवायला मॅडमना टेबलावर डस्टर आपटावा लागे.

मनोजच्या परीक्षेत एक पत्र लिहायचं असतं. सरावाला विषय आला, घराजवळच्या एखाद्या त्रासाबद्दल संबंधितांना तक्रार करा. मनोजने आमच्या वळणावरच्या दिव्याबद्दल लिहिलं. तो दिवा गेल्या पावसाळ्यापासून बंद होता आणि आम्ही मराठीत दोन अर्ज देऊन बसलो होतो. अस्मिताला दाखवायला म्हणून त्याने पत्र आणलं आणि त्यांच्या सोप्यावर ठेवून चहा प्यायला आत गेला.

मी कागद उचलला. टाइप केल्यासारखं अक्षर, खाली झोकदार सही. मला वाचता आलं नाही, पण विषय काय ते त्याच्याकडूनच ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी बाजारात जायचंच होतं. जाता जाता विजेच्या कचेरीत दिलं आणि पोचेचा शिक्का मारून घेतला. चौथ्या दिवशी शिडी आली.

मनोजला ते पत्र आठवून पुन्हा लिहावं लागलं. मॅडमनी सहा दिले.

"कमी कित्याक?" मी विचारलं.

"लांबण लावलंय म्हणाली. वाचणारो कंटाळतलो."

मी म्हटलं, "मॅडमांका सांग, दिवो पेटलो."

*

अस्मिताला मॅडमनी शेवटी सांगितलं की घरी कोणालातरी प्रश्न विचारायला बसव. उत्तर दिलं की त्यावर पुन्हा प्रश्न, त्यावर पुन्हा, असं सोडायचं नाही असा माणूस पाहिजे.

सरस्वतीवहिनी म्हणाली, "असां माणूस आमका शोधूक जावूक नको."

मी सातवीपर्यंत शिकलेली. मला इंग्रजी येत नाही, पण प्रश्न येतात. रोज ड्यूटीहून आली की ती चहाचा कप घेऊन सोप्यावर बसे आणि मी समोर. मी आपल्या भाषेत विचारायचं, तिने इंग्रजीत सांगायचं. मी विचारी, "कोणी सांगल्यान? कधी? तेच्या मनात काय होतां? मगे तू काय म्हटलंस?" ती दमून जाई, पण बोले. ‘इट इज गुड’ने माझ्यासमोर भागत नव्हतं.

एकदा विषय होता, तुम्हाला मिळालेली भेटवस्तू. ती छान बोलत होती. मी मध्येच म्हटलं, "फटी मारतंस. खोटां बोलतंस."

ती चपापली. पुस्तकातलं उत्तर पाठ करून म्हणत होती, कोण्या काकाने दिलेलं घड्याळ. तिला सख्खा काका नाही, हे मला तरी सांगायला नको, पण इंग्रजीत काका कधी आला आणि कधी गेला ते मला कुठलं कळायला?

"काकी, तुका कसां कळलां?"

"लहान असताना आमचे आवळे चोरून नाय म्हणायचंस, तेव्हा कानातली कुडी फिरवायचंस. आता पण फिरवलंस."

त्या दिवसापासून तिने पाठ करणं सोडलं.

*

तरी मुख्य अडचण राहिलीच. परीक्षेत एक कार्ड देतात आणि त्यावरच्या विषयावर सलग दोन मिनिटं बोलायचं असतं. समोरचा त्या वेळात काही विचारत नाही. प्रश्न नसला की अस्मिता पुन्हा वॉर्डात जाई. चाळीस सेकंदांत पेशंट ताब्यात देऊन गप्प. परीक्षेला बारा दिवस उरले होते. त्या संध्याकाळी तिने कार्ड पालथं टाकलं आणि म्हणाली, "काकी, नाय होवचां माझ्यान."

पुंडलिकदादा कोपऱ्यात काजूच्या बिया निवडत बसले होते. आतापर्यंत त्यांनी या प्रकरणात एक शब्द काढला नव्हता. मान वर न करताच म्हणाले, "किती बोलूचां असता?"

"दोन मिनिटां."

"इतक्यात माझी फक्त देवांची नावां होतत."

पुंडलिकदादा आमच्या देवळात गाऱ्हाणं घालतात. देवापुढे नारळ ठेवायचा, सगळ्यांच्या वतीने एकाने उभं राहून बोलायचं, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. त्यांच्या आधी त्यांचे वडील घालायचे. घरात हा माणूस मीठ मागायलाही बोलत नाही, पण देवापुढे उभा राहिला की पाच मिनिटं श्वास घेत नाही.

त्यांनी बियांचा रोवळा बाजूला ठेवला. "आयक. पयलां कोणापुढे उभी आसस तां सांगायचां. मगे आपण कोण, खंयचे. मगे काय झालां. मगे त्यात इघन, अडचण काय इली. आणि शेवटाक मागणां. ही वाट धरलंस की शब्द आपसूक येतत. देवाक घाई नसता, तुका कित्याक?"

अस्मिताने कार्ड उलटं केलं. विषय होता, तुम्ही शिकलेली एखादी गोष्ट. ती उभी राहिली आणि सायकल शिकल्याची हकिगत सांगायला लागली. पहिलं वाक्य इंग्रजीत संपलं आणि दादा सवयीने म्हणाले, "व्हय म्हाराजा." मग मी म्हटलं. मग वहिनी आतून. मनोज आला होता, त्याला काहीतरी बोलायला मिळालं म्हणून तो सगळ्यांत मोठ्याने. पोदेर संध्याकाळचे पाव घेऊन आला, त्याने सायकल उभी केली, टोपी काढली आणि काय चाललंय ते न विचारता तोही आमच्यात मिसळला.

घड्याळ मनोजकडे होतं. दोन मिनिटं दहा सेकंद.

पोदेराने टोपी घातली आणि विचारलं, "प्रसाद कितें?"

*

बारा दिवस तेच केलं. परीक्षेहून ती संध्याकाळी आली तेव्हा मी फणसाखाली होते. कपडे नव्हते, तरी होते.

"सांग," मी म्हटलं.

पूर्वीची अस्मिता ‘बरी गेली’ म्हणून आत गेली असती. ही दगडावर बसली आणि दारात उभ्या राहिलेल्या दरवानापासून सांगायला लागली. तिला कार्ड मिळालं, मोठ्या वयाच्या माणसाकडून शिकलेली गोष्ट. तिने पहिलं वाक्य म्हटलं आणि थांबली. समोरचा गोरा काही म्हणेना. बारा दिवस प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ ऐकलेलं. ते आल्याशिवाय तिचं दुसरं वाक्य निघेना.

"मगे?" माझ्या हातातला चिमटा मोडला.

"माका वाटलां, गेलां सगळां. तेवढ्यात तेणी वर बघल्यान आणि मान हलवल्यान. इतकीशीच. मी मनात म्हटलंय, झालां, व्हय म्हाराजा झालां. आणि सुटलंय."

दर वाक्याला ती त्याच्याकडे बघायची आणि तो बिचारा मान हलवायचा. शेवटी त्यालाच हात वर करून तिला थांबवावं लागलं. थांबली तेव्हा सवयीने तिचे हात जोडले गेले.

"आणि तेणी काय केल्यान?"

"तेणी पण जोडल्यान."

*

निकालाच्या दिवशी मी तीनदा कढीपत्ता मागायला गेले. तिसऱ्यांदा वहिनी म्हणाली, "आता झाडच घेऊन जा." तेवढ्यात अस्मिता मोबाइल घेऊन बाहेर आली. बोलण्यात साडेसात. वहिनीने पदर डोळ्यांना लावला, दादांनी बिया निवडणं थांबवलं नाही, पण चांगल्या बिया कुजक्यांत टाकत होते ते मी बघितलं.

*

जायच्या आदल्या दिवशी देवळात नारळ ठेवला. वाडाभर माणसं जमली होती. मनोजची परीक्षा अजून व्हायची होती, तो जरा गप्प होता.

पुंडलिकदादा उभे राहिले. "बा देवा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आज ही तुझी लेक अस्मिता, उद्या सातासमुद्रापार..."

आणि थांबले. ते खांबाकडे बघत राहिले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. इतक्या वर्षांत त्यांना देवापुढे अडखळताना कोणी पाहिलं नव्हतं. गुरवाने हळूच पाण्याचा गडू पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

मागून, आम्हा बायकांच्या रांगेतून, अस्मिताचा आवाज आला. आमच्याकडे गाऱ्हाणं पुरुषच घालतात, पण त्या घटकेला कोणी तिला अडवलं नाही. ती पुढे गेली, वडिलांच्या बाजूला उभी राहिली आणि बोलायला लागली. बारा दिवसांच्या सवयीने तोंडात आलं ते इंग्रजीच आलं.

पहिलं वाक्य संपलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग मी म्हटलं, "व्हय म्हाराजा." मग मनोजने म्हटलं. दुसऱ्या वाक्याला अख्ख्या देवळाने म्हटलं.

मला शब्द कळत नव्हते, पण वाट पाठ झाली होती. हे कोणापुढे उभी ते. हे कोण, कुठली. हे इघन. आता मागणं. मागण्यात ‘आई’ आलं, ‘बाबा’ आलं आणि एकदा ‘काकी’ही आलं. मी तिच्या कानाकडे बघत होते. कुडीला हात एकदाही गेला नाही.

नारळ फुटला. माणसं प्रसादाला वळली. गुरव दादांच्या जवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "दादानू, सगळां बरां झालां. पण इंग्लिश देवाक कळलां असतलां?"

दादांनी उपरण्याने नाक पुसलं.

"मगे तिचो पेपर तपासल्यान कोणी?"