न दिसणाऱ्या टाक्याच्या पाच पाट्या

माझी वहिनी रफू करते. कपडा फाटला, कसर लागली, इस्त्रीने जळला, की त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढून ती ते भोक असं विणून काढते की मालकालासुद्धा जागा सापडत नाही. त्यामुळे तिच्या कामाच्या फोटोंची एक गंमत आहे. पहिल्या फोटोत भोक असतं आणि दुसऱ्यात काहीच नसतं. या 'काहीच नाही'च्या जोरावर तिने नाव कमावलं, हे मी तिची नणंद असूनही मान्य करते.

गोंधळ झाला तो या नावाचाच. दुकानाला पाटी एक असते, वहिनीला पाच होत्या, आणि सगळ्या फोनमध्ये. आधी तिच्या मामांनी 'सुईदोरा' नावाचा ब्लॉग सुरू केला आणि त्याला जोडून त्याच नावाचं फोटोंचं खातं. मामा निवृत्त हेडक्लार्क, दुसऱ्या गावी राहतात, हाताशी वेळच वेळ. मग दादाला, म्हणजे माझ्या भावाला, हुक्की आली आणि त्याने दुकानाचं म्हणून आणखी एक पान उघडलं. मी व्हिडिओचं चॅनल काढलं, कारण घरात अक्कल असलेली मी एकटीच असा माझा समज होता. पाचवं खातं वहिनीने स्वतःच काढलं, स्वतःचं नाव न देता, नुसतं 'न दिसणारा टाका' या नावाचं. मामांच्या खात्याचा पासवर्ड ती पुन्हा विसरली होती आणि परत विचारायची तिला लाज वाटली. हे नवं खातं काढलंय, एवढं मामांना सांगायचं मात्र राहून गेलं.

उघडताना सगळे पुढे, सांभाळायला वहिनी एकटी. खिडकीशी बसून, कापड फ्रेमवर ताणून ती एकेक धागा वरखाली घेत असायची आणि शेजारी फोन टुणटुणायचा. एकीकडे गिऱ्हाईक भाव विचारी, तेच गिऱ्हाईक दुसरीकडे "उत्तर का देत नाही?" म्हणून फुगून बसे. एकच फोटो पाच ठिकाणी चढवायचा, पाच ठिकाणी धन्यवाद म्हणायचे. एकदा तर दादाच्या पानावरून तिने स्वतःच्याच फोटोला "सुंदर काम, कुठे शिकलात?" असं विचारलं. आम्ही हसलो. ती हसली नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं की बाई मेटाकुटीला आली आहे.

अशातच एका नाट्यगृहाचा कपडेपट सांभाळणाऱ्या बाईंचा निरोप आला. त्यांच्याकडे जुने मखमली कोट, झगे, शाली पेट्यांमध्ये पडून होते. "तुमचं 'न दिसणारा टाका' बघितलं. या आठवड्यात ठरवून कळवते," असं त्यांनी लिहिलं. वहिनी त्या दिवशी स्वयंपाकघरात गुणगुणत होती. वर्षभराचं काम होतं, आणि तेही तिच्या आवडीचं.

दुसऱ्याच दिवशी त्याच खात्यावरच्या तिच्या सगळ्यात गाजलेल्या फोटोखाली कुणी 'जागरूक वाचक' उगवला. "सदर छायाचित्रातील काम दुसऱ्या कलावंताचे असून आपण ते स्वतःच्या नावे खपवीत आहात. सदर प्रकार त्वरित थांबवावा." वहिनीने लिहिलं, काम माझंच आहे. लगेच उत्तर आलं, "पुरावा सादर करावा."

आणि संध्याकाळी कपडेपटाच्या बाईंचा निरोप, "हे तुमचंच काम आहे ना? खाली काय लिहिलंय ते जरा बघा."

वहिनीने तो निरोप दोनदा वाचला. "कसला पुरावा देऊ गं मी? माझ्या कामात दाखवायला काही उरतच नाही," ती म्हणाली. मग फ्रेमवरचं कापड सोडवून तिने घडी घातली. "ही सगळी खाती बंद करून टाका. आणि त्या बाईंना सांगा, मला जमणार नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या जागरूक माणसाची अशी खरडपट्टी काढते की पुन्हा वाचायचं नाव घेणार नाही, असं म्हणत मी फोन उचलला आणि त्याचं लिखाण मोठ्याने वाचायला लागले. "सदर छायाचित्रातील..." आणि थांबले.

"वहिनी, आपल्या माहितीत 'सदर' कोण म्हणतं?"

घरी आल्यावर "सदर चहात साखर कमी आहे" असं म्हणणारा माणूस आम्हाला एकच ठाऊक होता. मी फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"मामा, हा जागरूक वाचक कोण हो?"

"मीच!" मामा खुशीत म्हणाले. "मुद्दाम वेगळं खातं काढलं पाळत ठेवायला. एक चोर पकडलीय बघ, पोरी. आपल्या मुलीचे फोटो बिनदिक्कत स्वतःच्या नावावर! मी काही तिला सोडत नाही."

"मामा, ती चोर माझ्यासमोर बसलीय. पदराने डोळे पुसतेय."

पलीकडे खुर्ची करकरली.

"म्हणजे... सदर बाई..."

"सदर बाई मीच, मामा," वहिनी म्हणाली, आणि जी हसायला लागली ती थांबेचना. मीही हसले. छातीवरचा धोंडा उतरला होता, दुसरं काय!

रविवारी मामा आले ते मान खाली घालूनच. आम्ही चौघं टेबलाभोवती बसलो आणि पसारा आवरायला घेतला. एक ब्लॉग ठेवायचा, एक फोटोंचं खातं, दोन्हींचं नाव 'न दिसणारा टाका'. बाकी पाट्यांवर "आता आम्ही इथे भेटू" असं लिहून त्या काही दिवसांनी उतरवायच्या. माझं चॅनल गेलं तेव्हा मला जरा वाईट वाटलं, पण बघणाऱ्या तशाही मी आणि माझी मैत्रीण दोघीच होतो. लिहायचं मामांनी. निरोपांना उत्तरं मी द्यायची, सकाळी एकदाच, चहा घेताना. वहिनीने फक्त फोटो काढायचा. दादाकडे काहीही सोपवायचं नाही, हे एकमताने ठरलं.

मामा आपल्या त्या जागरूक ओळी पुसायला निघाले, तर वहिनीने त्यांचा हात धरला.

"राहू द्या, मामा. माझ्या कामासाठी आजवर कुणी असं भांडलं नव्हतं."

मामांनी चष्मा काढून पुसला. मग त्या ओळींखाली स्वतःच्या नावाने लिहिलं, "सदर काम माझ्या भाचीचेच आहे. खातरजमा केली." कपडेपटाच्या बाईंनी ते सगळं वाचलं आणि हसतच फोन केला. जिच्या कामावर एवढा कडक पहारा आहे, तिच्याकडे पेट्या पाठवायला मला कसली धास्ती, असं त्या म्हणाल्या.

पहिला आला तो कोपरावर फाटलेला निळा मखमली कोट. खिडकीशी वहिनी दिवसचे दिवस बसली, फोन माझ्याकडे. कोट पुरा झाला तेव्हा मामा पुन्हा आलेले होते. त्यांनी तो उजेडात धरला, बाही उलटी केली, सुलटी केली, चष्मा वर केला, खाली केला. वहिनी सुई हातातच धरून बघत होती.

"सदर कोटात," शेवटी मामा म्हणाले, "भोक आढळले नाही."