पाच पदरांचं मशीन

दहा जून. लोणच्याच्या कैऱ्या फोडून कोयी काढत बसले आहे. हात गुंतले की मला माणसं आठवतात, आणि त्यांत पहिले आमचे लातूरचे घरमालक. ‘हाव’ आणि ‘न्हाई’ या दोन शब्दांवर अख्खं आयुष्य काढलेला दुसरा माणूस महाराष्ट्रात झाला नसेल. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले हे काका “पाणी कधी येईल?” असल्या प्रश्नाला सरळ तोंड फिरवत. प्रश्न नीट विचारावा लागे. “आज येईल?” “न्हाई.” “उद्या?” “न्हाई.” “परवा?” “हाव.” नांदेडहून आल्यावर पहिला आठवडा मी “कधी, कधी” करत कोरड्या माठाशेजारी बसले, आणि माणूस माजोरडा आहे असं नवऱ्याला फोनवर सांगून मोकळी झाले.

भूकंपाला तेव्हा काही वर्षं उलटली होती, पण काकांचा सिमेंटच्या छतावरचा विश्वास उडाला तो उडालाच. भाडेकरूंना पक्क्या खोल्या देऊन स्वतः पत्र्याखाली झोपत. ओसरीतल्या फळीवर सात स्टीलचे पेले एकावर एक उपडे रचलेले असत. ते पडले की सगळ्यांनी अंगणात यायचं, का म्हणून विचारायचं नाही. एका दुपारी मी शेंगदाण्याच्या चटणीला मिक्सर लावला, फळी थरथरली आणि पेले कोसळले. सगळं घर अंगणात. मिक्सरचं भांडं छातीशी धरून सर्वांत पुढे मी, आणि “पळा, पळा” ओरडणारीही मीच.

खोल्या पाच होत्या. चार खोल्यांत चार आया आणि त्यांची अकरावी-बारावीची लेकरं, पाचवीत देगलूरची एक आजी नातवाबरोबर. नवरे गावाकडे ठेवून आम्ही सगळ्या लेकरांना डॉक्टर करायला लातुरात खोली करून राहिलो होतो. माझ्या मुलीनं मात्र ऐन वेळी टूम काढली की अकरावीला जीवशास्त्र नको, संगणक घेते. जीवशास्त्र सोडलं की डॉक्टरकीचं दार बंद. फॉर्म सोमवारी द्यायचा होता. मी वांगंसुद्धा दाबून बघितल्याशिवाय घेत नाही, म्हणून रविवारी दुपारी काकांना गाठलं.

“काका, कॉम्प्युटरच्या आत काय असतं?” तोंड फिरलं. मी प्रश्न सुधारला. “मेंदू असतो?” “न्हाई.” “हुशार असतो?” “न्हाई.” “मग काय तुमच्यासारखं नुसतं हाव-न्हाई असतं?”

“हाव!” म्हणाले, आणि इतके खूश झाले की पाचही बायकांना ओसरीच्या कट्ट्यावर ओळीनं बसवूनच थांबले. उजवीकडून निलंग्याच्या वहिनी, मुदखेडच्या ताई, मी, उदगीरच्या वहिनी आणि टोकाला आजी. नियम एकच. खांद्यावर टिचकी बसली की पदर डोक्यावर घ्यायचा. आधीच डोक्यावर असेल तर खाली सोडायचा आणि डाव्या शेजारणीला टिचकी मारायची. डोक्यावरचे पदर वाचले की आकडा कळतो. उजवीकडून पदरांची किंमत एक, दोन, चार, आठ, सोळा; डोक्यावर असतील त्यांची बेरीज करायची. आजींना टोकाला बसवलं, कारण तिथे सर्वांत कमी हालचाल. काका पहिलीला टिचकी मारायचे आणि दर टिचकीला डब्यात एक चिंचोका टाकायचे.

तीन चिंचोके ठीक गेले. चौथ्याला आता माझी पाळी हे मला दिसतच होतं, म्हणून मी पदर आधीच डोक्यावर घेतला. मग खरी टिचकी आली, नियमाप्रमाणे मी तो खाली सोडला आणि उदगीरच्या वहिनींना टिचकी मारली. डब्यात चार चिंचोके, कट्ट्यावर आठ.

“कोण डोकं चालवून राहिलंय?” काका ओरडले.

पायरीवर बसलेली माझी मुलगी म्हणाली, “काका, आईला काढा. ती सांगायच्या आधीच करते. माझ्या फॉर्मवरसुद्धा पेन्सिलनं ‘जीवशास्त्र’ लिहून ठेवलंय.”

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण उशिरा.

“अहो काका, डोकं नाही चालवायचं तर मोजणार कोण?” मी म्हटलं.

“कुणीच न्हाई. आपापलं केलं की मोजलं जातंय.” काकांच्या तोंडून एवढं लांब वाक्य आम्ही पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या खेपेला अकरापर्यंत आलो आणि निलंग्याच्या वहिनींचे सासरे ज्वारीचं पोतं घेऊन दारात उभे राहिले. पाचही पदर एकदम डोक्यावर. अकरावरून थेट एकतीस! “मामा,” काका कळवळून म्हणाले, “तुम्ही एकट्यानं वीस वाढवले की हो.”

तिसऱ्या खेपेला मी डोळे मिटून घेतले. टिचकी आली की वर. टिचकी आली की खाली, आणि डावीकडे एक. किती झाले, कुणाची पाळी, कुणाचं चुकतंय, काही माहीत नव्हतं. आणि त्यात बरं वाटत होतं हे कबूल करायला मला अजून लाज वाटते. काका “एकतीस” म्हणाले तेव्हा डोळे उघडले. पाचही पदर डोक्यावर होते, आणि या वेळी दारात कुणाचे सासरे नव्हते. काकांनी आणखी एक टिचकी मारली. पदर एकापाठोपाठ एक खाली येत गेले, ते आजींपर्यंत. आजींनी पदर सोडला, हात उचलला आणि थांबल्या. “आता म्या कुणाला मारू रे बाबा? हितं तर कुणीच न्हाई.”

काका त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. “आणखी एक बाई पाहिजे होती,” म्हणाले. “त्रेसष्टपर्यंत गेलो असतो.” सहावी खोली बांधायचं त्यांच्या फार मनात होतं. ती काही झाली नाही. आता त्या घराच्या जागी चार मजल्यांचं होस्टेल आहे, तिथल्या मुलांच्या आया गावाकडेच असतात, आणि काकाही नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फॉर्मवरचं पेन्सिलचं अक्षर खोडलं, फॉर्म मुलीपुढे ठेवला आणि पाणी भरायला गेले. परत आले तेव्हा तो चिकटवलेल्या पाकिटात होता. कॉलेजच्या खिडकीत मी पाकीट आत सरकवलं. कारकुनानं विचारलं, “बाई, पोरीनं विषय कोणता घेतलाय?”

“मला माहीत नाही,” मी म्हटलं, आणि तो पाकीट फोडायच्या आत खिडकीवरून बाजूला झाले.